वैध मापनसेवा व आंतरराष्ट्रीय सहकार्य

व्यापार, करआकारणी, आरोग्य, सार्वजनिक सुरक्षितता व न्यायदान यांच्याशी संबंधित असलेल्या मापनांवर आणि मापन-उपकरणांवर कायद्याने जे नियंत्रण ठेवले जाते, त्याचा विचार करणाऱ्या मापनशास्त्राच्या शाखेस वैध मापनशास्त्र म्हणतात. हे नियंत्रण प्रत्यक्षात आणणारी शासकीय यंत्रणा म्हणजे वैध मापनसेवा होय. मापनाची कायदेशीर एकके ठरविणे, प्रमाण वजने व मापे जतन करणे, उपकरणांचे नमुने मंजूर करणे, वापरातील उपकरणांची ठराविक मुदतीने पडताळणी करून त्यांवर मुद्रा उमटविणे, आवेष्टित वस्तूंतील निव्वळ परिमाण तपासणे आणि अपराध्यांवर खटले भरणे ही तिची प्रमुख कार्ये होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतंत्र झालेल्या व औद्योगिक दृष्ट्या मागे राहिलेल्या देशांत अशी सेवा उभारण्यास जे आंतरराष्ट्रीय साहाय्य लाभले, त्याच्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते : प्रमाण वजने व उपकरणे बाहेरून आणता येतात, परंतु मापावरील लोकांचा विश्वास देशातील कायदा, प्रशिक्षित निरीक्षक व नियमित पडताळणी यांच्याखेरीज निर्माण होत नाही.

पूर्वपीठिका : अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक देशांत वजने व मापे स्थानपरत्वे बदलत. फ्रान्समध्ये ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने मेट्रिक पद्धतीस निश्चित रूप मिळाले. तथापि जुनी मापे लोकव्यवहारातून सहजासहजी गेली नाहीत. १८३७ मध्ये नवा कायदा करावा लागला आणि १ जानेवारी १८४० पासून मेट्रिक पद्धती तेथे सक्तीची झाली. पद्धती जाहीर करणे आणि ती बाजारात रुजविणे यांतील हे अंतर पुढे जवळजवळ प्रत्येक देशाच्या वाट्यास आले.

२० मे १८७५ रोजी पॅरिस येथे १७ राष्ट्रांनी मीटर करारावर सह्या केल्या. या कराराने पॅरिसजवळील सेव्र येथे वजने व मापे यांचे आंतरराष्ट्रीय कार्यालय स्थापन झाले. १८८९ मध्ये भरलेल्या पहिल्या सर्वसाधारण परिषदेने मीटर व किलोग्रॅम यांच्या आंतरराष्ट्रीय मूळ प्रमाणांस मान्यता दिली आणि त्यांच्या प्रती सदस्य राष्ट्रांमध्ये चिठ्ठ्या टाकून वाटण्यात आल्या. या व्यवस्थेमुळे सर्वोच्च पातळीवरील प्रमाणांत एकवाक्यता आली. मात्र दुकानातील तराजूत किती चूक चालेल, ती कोणी तपासावी आणि एका देशात मंजूर झालेले उपकरण दुसऱ्या देशाने स्वीकारावे की नाही, हे प्रश्न त्या कराराच्या कक्षेबाहेर राहिले. प्रत्येक देशाने त्यांची उत्तरे आपापल्या परीने दिली. परिणामी उपकरणे बनविणाऱ्यास प्रत्येक बाजारपेठेसाठी निराळ्या अटी पाळाव्या लागत.

आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना : या प्रश्नांचा विचार करण्यासाठी १९३७ मध्ये पॅरिस येथे व्यावहारिक मापनशास्त्रासंबंधी आंतरराष्ट्रीय परिषद भरली व पुढील कामासाठी एक तात्पुरती समिती नेमण्यात आली. दुसऱ्या महायुद्धामुळे ते काम खंडित झाले. युद्धानंतर त्यास पुन्हा चालना मिळाली आणि १२ ऑक्टोबर १९५५ रोजी पॅरिस येथे झालेल्या करारान्वये आंतरराष्ट्रीय वैध मापनशास्त्र संघटना अस्तित्वात आली. करार १९५८ मध्ये अंमलात आला. संघटनेचे कार्यालय पॅरिसमध्ये असून सदस्य राष्ट्रांची परिषद, आंतरराष्ट्रीय समिती व हे कार्यालय ही तिची तीन प्रमुख अंगे आहेत.

करारातील उद्दिष्टांत केवळ उपकरणांच्या तांत्रिक अटींचाच समावेश नाही. राष्ट्रीय सेवांसंबंधीची माहिती गोळा करणे, कायदे व नियम यांचे आदर्श मसुदे तयार करणे आणि उपकरणांच्या पडताळणीसाठी आदर्श सेवेची साधनसामग्रीसह योजना आखणे, ही कामेही संघटनेवर सोपविण्यात आली. ज्या देशांत अशी सेवा नव्याने उभारावयाची होती, त्यांना या तरतुदी विशेष उपयुक्त होत्या. वर्गणीच्या बाबतीतही करारात सवलत होती. सदस्य राष्ट्रांचे लोकसंख्येनुसार चार वर्ग पाडण्यात आले. परंतु ज्या देशात मापन-उपकरणांचा वापर सरासरीहून स्पष्टपणे कमी असेल, त्यास खालच्या वर्गात घालण्याची मुभा ठेवण्यात आली. याशिवाय पूर्ण सदस्यत्वाचा भार पेलू न शकणाऱ्या देशांसाठी मतदानाचा हक्क नसलेले, अल्प वर्गणीचे संलग्न सदस्यत्व उपलब्ध झाले. संघटनेचे निर्णय अंमलात आणण्याचे बंधन सदस्यांवर आहे, पण ते नैतिक स्वरूपाचे आहे. निर्णयांची सक्ती करणारी कोणतीही सत्ता संघटनेजवळ नाही.

नवस्वतंत्र देशांपुढील प्रश्न : १९५० नंतरच्या दोन-तीन दशकांत आशिया व आफ्रिका खंडांतील अनेक देश स्वतंत्र झाले. मापनाच्या क्षेत्रात त्यांना मिळालेला वारसा विषम होता. ब्रिटिश अंमलाखालील प्रदेशांत पौंड, यार्ड व गॅलन यांच्या जोडीला स्थानिक मापे प्रचलित होती, तर फ्रेंच अंमलाखालील प्रदेशांत मेट्रिक पद्धती पोहोचली होती. निरीक्षकांची व्यवस्था होती, पण ती प्रामुख्याने बंदरे व मोठी शहरे यांपुरतीच होती. ग्रामीण बाजारात आणि शेतमालाच्या खरेदीत माप बहुधा खरेदीदाराचे असे आणि विकणाऱ्यास ते तपासण्याचे साधन नसे. मापातील अन्यायाचा भार त्यामुळे लहान शेतकरी व किरकोळ ग्राहक यांवर अधिक पडे. राज्यकर्त्यांच्या दृष्टीनेही हा प्रश्न महत्त्वाचा होता. कारण खनिजे, तेल, कापूस, कॉफी यांसारख्या निर्यातमालाचे मूल्य व त्यावरील कर ही दोन्ही वजनावर किंवा आकारमानावर ठरत.

भारतातील प्रयत्न : भारतात मणाचे मूल्य प्रांतोप्रांती निराळे होते. रेल्वेने व बंगालमध्ये मानलेला मण सुमारे ३७.३२ किग्रॅ. भरे, मुंबईचा मण २८ पौंडांचा म्हणजे सुमारे १२.७ किग्रॅ., तर मद्रासचा २५ पौंडांचा म्हणजे सुमारे ११.३ किग्रॅ. होता. १८७० व १८७१ मध्ये मेट्रिक पद्धतीवर आधारलेले कायदे संमत झाले, परंतु ते प्रत्यक्षात कधीच लागू करण्यात आले नाहीत. मुंबई प्रांताने १९३२ मध्ये वजने व मापे यांसंबंधी स्वतःचा कायदा केला. १९३९ मध्ये केंद्रीय कायद्याने १८० ग्रेनचा तोळा प्रमाण ठरविण्यात आला. तरीही देशभर एकच पद्धती आली नाही.

१९५६ च्या वजने व मापे प्रमाण अधिनियमाने मेट्रिक पद्धती स्वीकारण्यात आली. त्याच वर्षी भारत आंतरराष्ट्रीय वैध मापनशास्त्र संघटनेचा सदस्य झाला, तर १९५७ मध्ये त्याने मीटर करारात प्रवेश केला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी सुरू झाली. वजनांतील बदल १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक क्षेत्रांत आरंभून टप्प्याटप्प्याने देशभर नेण्यात आला. किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रत नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत राष्ट्रीय प्रमाण म्हणून ठेवण्यात आली. तिच्याशी निर्देश प्रमाणे, निर्देश प्रमाणांशी दुय्यम प्रमाणे आणि दुय्यम प्रमाणांशी निरीक्षकांजवळील कार्यकारी प्रमाणे ताडून पाहण्याची साखळी निर्माण झाली. मुंबईच्या टांकसाळीत प्रमाण वजने व मापे तयार होऊ लागली. अंमलबजावणीचा भार राज्यांवर होता. तत्कालीन मुंबई राज्याने त्यासाठी १९५८ मध्ये स्वतंत्र कायदा केला.

निरीक्षकांच्या प्रशिक्षणासाठी १९६२ मध्ये पाटणा येथे अखिल भारतीय संस्था सुरू झाली. तिचेच पुढे रांची येथील भारतीय वैध मापनशास्त्र संस्थेत रूपांतर झाले. काही काळाने या संस्थेत इतर विकसनशील देशांतील अधिकाऱ्यांनाही प्रशिक्षण मिळू लागले. १९७६ मध्ये अधिक व्यापक कायदा झाला, १९७७ मध्ये आवेष्टित वस्तूंविषयीचे नियम आले आणि १९८५ मध्ये अंमलबजावणीचा स्वतंत्र अधिनियम संमत झाला. या दोन्ही अधिनियमांची जागा २००९ च्या वैध मापनशास्त्र अधिनियमाने घेतली. तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. भारताच्या उदाहरणात पद्धतीतील बदल, प्रमाणांची निर्मिती, राज्यांची यंत्रणा व निरीक्षकांचे शिक्षण ही कामे एकाच कालखंडात हाती घेण्यात आली. सुधारणा टिकून राहण्याचे हे एक प्रमुख कारण होते.

साहाय्याचे प्रारंभीचे स्वरूप : १९६० नंतर संयुक्त राष्ट्रांच्या विकासविषयक संस्था व औद्योगिक दृष्ट्या पुढारलेल्या देशांच्या राष्ट्रीय संस्था यांनी विकसनशील देशांना मापनाच्या क्षेत्रात साहाय्य देण्यास प्रारंभ केला. त्यांत पश्चिम जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील भौतिकी-तांत्रिक संस्थेचे कार्य दीर्घकाळ चालू राहिले. तज्ञ पाठविणे, प्रयोगशाळांना प्रमाणे व तुला पुरविणे आणि अधिकाऱ्यांना परदेशी प्रशिक्षणासाठी बोलाविणे असे या साहाय्याचे स्वरूप होते.

आंतरराष्ट्रीय वैध मापनशास्त्र संघटनेजवळ स्वतः प्रकल्पांना पैसा पुरविण्याइतका निधी नव्हता. तिने मुख्यतः ज्ञानाचे साहाय्य केले. मापनविषयक कायद्याचा आदर्श आराखडा तिने १९७५ मध्ये प्रसिद्ध केला, तर कायदेशीर एककांविषयीचा दस्तऐवज १९७८ मध्ये निघाला. सत्तरीच्या दशकात विकसनशील देशांच्या गरजांसाठी एक विकास परिषद तिच्या अंतर्गत कार्य करू लागली. १९८० नंतरच्या दशकात राष्ट्रीय सेवेस लागणारी पडताळणीची साधने, प्रयोगशाळांची आखणी व कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांविषयी मार्गदर्शक प्रकाशने निघाली. मोठे वजनकाटे तपासण्यासाठी लागणाऱ्या फिरत्या साधनांचाही स्वतंत्र विचार झाला. मालमोटारी तोलणाऱ्या काट्याची पडताळणी करण्यास कित्येक टन प्रमाण वजने जागेवर न्यावी लागतात. ज्या देशात असे वाहन नाही, तेथे काट्यासंबंधीचा नियम कागदावरच राहतो.

या काळातील अनुभवातून काही उणिवा उघड झाल्या. बाहेरून आलेली नाजूक उपकरणे सुटे भाग, तापमान-नियंत्रण वा अखंड वीजपुरवठा नसल्यास लवकरच निरुपयोगी होतात. प्रशिक्षित अधिकाऱ्यास अधिक वेतनाची नोकरी मिळाली, तर त्याच्यावर झालेला खर्च सेवेच्या दृष्टीने वाया जातो. दात्या देशाच्या प्रयोगशाळेची हुबेहूब नक्कल करण्याच्या प्रयत्नात सर्वोच्च प्रमाणे विकत घेतली जातात. परंतु निरीक्षकाच्या पेटीतील साधी कार्यकारी वजने मात्र वर्षानुवर्षे तपासली जात नाहीत. साखळीचा वरचा दुवा कितीही अचूक असला, तरी बाजारात उपयोग होतो तो शेवटच्या दुव्याचा, ही जाणीव यातून दृढ झाली.

व्यापारविषयक करार व प्रमाणपत्र-पद्धती : व्यापारातील तांत्रिक अडथळ्यांसंबंधीच्या १९७९ च्या संहितेने व विशेषतः १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेबरोबर अंमलात आलेल्या करारामुळे वैध मापनास नवे महत्त्व आले. राष्ट्रांनी आपले तांत्रिक नियम शक्य तेथे आंतरराष्ट्रीय प्रमाणांवर आधारावेत आणि विकसनशील सदस्यांना तांत्रिक साहाय्य द्यावे, अशा तरतुदी या करारात आहेत. त्यामुळे संघटनेच्या शिफारशींना व्यापारी महत्त्व प्राप्त झाले. अस्वयंचलित तोलन-उपकरणे, इंधन-मापक पंप, पाण्याचे व विजेचे मीटर, रक्तदाबमापक, धान्यातील ओलावा मोजणारी उपकरणे इत्यादींविषयी अशा शिफारशी आहेत.

त्या पाळणे मात्र खर्चिक असते. उदा., तिसऱ्या अचूकता-वर्गातील दुकानी तराजूवर पडताळणीचा विभाग ५ ग्रॅ. असल्यास पहिल्या पडताळणीच्या वेळी २.५ किग्रॅ.पर्यंतच्या भारास २.५ ग्रॅ. इतकीच चूक अनुमत असते. वापरातील तराजूस तिच्या दुप्पट चूक चालते. ही तपासणी प्रमाण वजनांच्या साहाय्याने कोणत्याही गावी करता येते. परंतु नमुना मंजूर करण्यापूर्वी तो तराजू भिन्न तापमानांत, दमट उष्णतेत व बदलत्या विद्युत् दाबाखाली तपासावा लागतो. त्यासाठी लागणारी प्रयोगशाळा उभारणे प्रत्येक लहान देशास शक्य नाही व आवश्यकही नाही.

या अडचणीवर उपाय म्हणून संघटनेने १९९१ मध्ये प्रमाणपत्र-पद्धती सुरू केली. एका देशातील अधिकृत संस्थेने केलेल्या चाचण्यांचा अहवाल इतरांनी स्वीकारावा, हे तिचे तत्त्व होय. १ जानेवारी २०१८ पासून तिची सुधारित आवृत्ती अंमलात आली. ज्या देशाजवळ चाचणी-प्रयोगशाळा नाही, त्यास या अहवालांच्या आधारे आयात उपकरणांची निवड करता येते आणि निकृष्ट माल नाकारण्यास आधार मिळतो. तथापि प्रमाणपत्र नमुन्यास मिळते. नंतर तयार होणारे प्रत्येक उपकरण त्या नमुन्याबरहुकूम असेलच असे नाही. म्हणून आयातीच्या वेळची व जागेवरील पडताळणी टाळता येत नाही. प्रमाणपत्रे देणाऱ्या देशांत दीर्घकाळ औद्योगिक राष्ट्रांचेच प्राबल्य होते. सप्टेंबर २०२३ मध्ये भारत अशी प्रमाणपत्रे देऊ शकणारा तेरावा देश ठरला. साहाय्य घेणारा देश कालांतराने इतरांसाठी सेवा पुरवू शकतो, याचे हे उदाहरण होय.

प्रादेशिक सहकार्य : १९९० नंतर शेजारी देशांनी एकत्र येऊन प्रशिक्षण व प्रयोगशाळा यांचा सामाईक उपयोग करण्याकडे कल वाढला. आशिया-पॅसिफिक वैध मापनशास्त्र मंच १९९४ मध्ये स्थापन झाला. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील विकास समुदायाने १९९६ मध्ये वैध मापनासाठी सहकार्य-यंत्रणा निर्माण केली आणि २००७ मध्ये सर्व आफ्रिका खंडासाठी मापनविषयक संघटना उभी राहिली. वैज्ञानिक व वैध अशा दोन्ही प्रकारच्या मापनांचा तीत एकत्र विचार होतो. कारण थोडे तज्ञ व मर्यादित निधी असलेल्या देशांना दोन स्वतंत्र व्यवस्था परवडत नाहीत.

स्थानिक गरजांनुसार विषय निवडणे हे प्रादेशिक सहकार्याचे वैशिष्ट्य होय. आशिया-पॅसिफिक मंचाने भातातील ओलाव्याचे मापन हा प्रशिक्षणाचा एक विषय केला. २० टक्के ओलावा असलेले १०० किग्रॅ. भात १४ टक्क्यांपर्यंत वाळविले, तर त्याचे वजन सुमारे ९३ किग्रॅ. उरते, म्हणून खरेदीच्या वेळी ओलाव्यानुसार किंमत कापली जाते. मापकाने ओलावा केवळ एक टक्का अधिक दाखविला, तरी दर १०० किग्रॅ.मागे शेतकऱ्याचे एक किग्रॅ.हून अधिक भाताइतके नुकसान होते. तराजू बिनचूक असूनही हे घडू शकते. औद्योगिक देशांच्या दृष्टीने दुय्यम वाटणारा असा विषय भातशेतीवर जगणाऱ्या देशांत कळीचा ठरतो. २०१४ पासून आशियातील दोन प्रादेशिक संघटनांनी जर्मन साहाय्याने विकसनशील अर्थव्यवस्थांसाठी प्रशिक्षणाचा संयुक्त प्रकल्प राबविला. त्यात स्थानिक प्रशिक्षक तयार करण्यावर भर होता.

अलीकडील धोरण : एकविसाव्या शतकाच्या आरंभी संघटनेच्या विकास परिषदेची जागा स्थायी कार्यगटाने घेतली. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन बर्च यांनी अर्थव्यवस्था व समाज यांना वैध मापनापासून होणाऱ्या लाभांविषयी संघटनेसाठी अहवाल सिद्ध केला. अर्थमंत्रालयांना या सेवेचे महत्त्व पटविणे हा त्यामागील एक हेतू होता. पुढे ‘विकसनशील देश’ या संज्ञेऐवजी ‘उदयोन्मुख मापनव्यवस्था असलेले देश व अर्थव्यवस्था’ अशी संज्ञा स्वीकारण्यात आली. एखाद्या संपन्न देशाचीही मापनव्यवस्था अपुरी असू शकते आणि उत्पन्न कमी असूनही एखाद्या देशाची सेवा कार्यक्षम असू शकते, हा विचार या बदलामागे होता. या कार्यात चीनने पुढाकार घेतला व प्रायोगिक प्रशिक्षणकेंद्रे चालविली.

कायद्याच्या आदर्श आराखड्यातही बदल होत गेले. १९७५ च्या दस्तऐवजात मुख्यतः कायद्याची कलमे होती. २००४ व २०१२ मध्ये त्यात सुधारणा झाल्या, तर २०२० च्या आवृत्तीत राष्ट्रीय मापनव्यवस्थेचे धोरण, संस्था व कायदा यांचा एकत्रित विचार करण्यात आला. एकच नमुना सर्वांनी उचलण्याऐवजी प्रत्येक देशाने स्वतःचा व्यापार, मनुष्यबळ व प्रशासन पाहून प्राधान्यक्रम ठरवावा, हा त्याचा रोख आहे.

मूल्यमापन : संघटनेची साठाहून अधिक पूर्ण सदस्य राष्ट्रे असून संलग्न सदस्यांची संख्याही जवळजवळ तितकीच आहे. या विस्तारामुळे कायद्यांची व तांत्रिक अटींची भाषा बरीचशी समान झाली, हे सहकार्याचे मोठे यश होय. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर आधारण्यात आली, परंतु त्यामुळे निरीक्षकाच्या कामात काही घट झाली नाही. उलट, इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील आज्ञावलीत फेरफार करून फसवणूक करणे शक्य झाल्याने ते अधिक अवघड झाले आहे. आज्ञावलीने नियंत्रित होणाऱ्या उपकरणांविषयी संघटनेने २००८ मध्ये सर्वसाधारण अटी प्रसिद्ध केल्या. पण त्या लावून पाहू शकणारे तंत्रज्ञ अनेक देशांत अपुरे आहेत.

सेवेच्या खर्चाचा प्रश्नही पूर्णपणे सुटलेला नाही. पडताळणीच्या शुल्कावर सेवा चालवावी, तर शुल्क देणारी शहरी दुकाने वारंवार तपासली जातात आणि दूरचे आठवडी बाजार मागे पडतात. केवळ सरकारी अनुदानावर चालवावी, तर काटकसरीच्या वर्षी तिचाच खर्च प्रथम कापला जातो. ही निवड प्रत्येक राज्यसंस्थेने स्वतः करावयाची आहे. बाहेरील साहाय्य तिला माहिती, प्रशिक्षण व सुरुवातीची साधने देऊ शकते. जेथे या साहाय्याबरोबर देशांतर्गत कायदा, कायम स्वरूपाचा कर्मचारीवर्ग व नियमित तरतूद यांची जोड मिळाली, तेथे सेवा टिकली. जेथे ती मिळाली नाही, तेथे प्रमाणे प्रयोगशाळेतच राहिली व बाजारातील माप पूर्वीप्रमाणेच बलवानाच्या हाती राहिले.